वरवंटा खाली ठेवायचा नसतो

मी एक जुना वरवंटा आहे. काळ्या दगडाचा, पाट्यावर चटणी वाटणारा. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, कारण तुमच्या घरी मिक्सर आहे. असू दे. मी रडगाणे गायला बसलेलो नाही.

सरदारपूरच्या एका पाथरवटाने मला घडवले. त्याने छिन्नीने इतके ठोकले की माझा स्वभाव तेव्हाच कडक झाला. नवे लग्न झालेल्या माई आणि बापूंनी तिथल्या बाजारात मला पाट्यासकट घेतले आणि देवासला आणले. बापू शिंपी. ते पुढच्या खोलीत मशीन चालवायचे आणि मागे स्वयंपाकघरात माई मला चालवायची. माझ्या हातची लसणीची चटणी चाखायला शेजारणी वाटी घेऊन येत. कौतुक माईचे होई, पण कष्ट माझे होते, हे मी आजही विसरलेलो नाही.

माझा खरा मान मात्र बारशाला. बाळाच्या आधी पाळण्यात मी जातो. मला धुऊन, पुसून टोपडे घालतात. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात. एक मला पाळण्याखालून देते आणि म्हणते, "कुणी गोविंद घ्या." दुसरी मला घेते आणि वरून परत करते, "कुणी गोपाळ घ्या." मग बाळाचीही तशीच देवघेव होते. आमच्या घरी एक नियम आणखी आहे. एकदा उचललेला वरवंटा पाळण्यात जाईपर्यंत जमिनीवर ठेवायचा नाही. माईची लेक रुची हिच्या बारशाला मी असाच मिरवलो होतो.

पुढे मिक्सर आला. पाटा अंगणात गेला आणि मी मागच्या दाराला टेकू झालो. वर्षानुवर्षे माझ्या अंगाला मिरची लागली नाही. पण दाराशी पडलेल्याला घरातले सगळे ऐकू येते.

रुची मोठी झाली, इंदूरला नोकरीला लागली आणि एक दिवस अल्पनाला घेऊन घरी आली. अल्पना धारची. दोघींना जन्मभर एकत्र राहायचे होते. अल्पनाच्या घरच्यांनी दार लावून घेतले, माई-बापूंनी उघडे ठेवले. मग दोघींना मूल हवेसे वाटू लागले, आणि तेही दोघींचे. त्या इंदूरच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी अल्पनाचे बीज घेतले, एका अनोळखी दात्याच्या मदतीने त्याचा गर्भ तयार केला आणि तो रुचीच्या पोटात वाढायला ठेवला. आता कायदा बदलला आहे आणि अशा दोघींना ती वाट जवळजवळ बंद झाली आहे. मला हा बदल मुळीच पटलेला नाही.

माईने मात्र एक अट घातली. "बीज कोणाचं ते बाहेर बोलायचं नाही. कोणी पूछलंच तर अल्पना रुचीची सहेली."

"हो माई," अल्पना म्हणाली. मग ती मागच्या दाराशी येऊन माझ्याशेजारी बसली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली. मला फार राग आला.

मुलगी झाली. सगळे तिला लाडाने चिऊ म्हणू लागले. बारसे ठरले आणि माझी आठवण झाली. बापूंनी एकाच कापडाची दोन टोपडी शिवली, एक बाळाचे, एक माझे. बापूंची बहीण विनोदिनीबाई खातेगावहून आली. घरात वयाने मोठी आणि रीतिभातीला पक्की. तिने मानाने मला उचलले आणि पाळण्याच्या एका बाजूला उभी राहिली. बाळाला घेऊन रुची उशाशी होती. दुसऱ्या बाजूला अल्पना जाऊन उभी राहिली.

"ही इथे कशाला?" विनोदिनीबाई म्हणाली. "सहेली आहे तर तिकडे सतरंजीवर बसू दे. इथे रक्ताचं माणूस लागतं."

अल्पना मागे सरकली. तेवढ्यात रुची बोलली. "आत्या, रक्ताचंच माणूस उभं आहे. बीज अल्पनाचं आहे. पोटात मी वाढवलं. चिऊ आमची दोघींची आहे."

विनोदिनीबाईला हे समजायला थोडा वेळ लागला. "असं कुठे असतं? आई एकच असते. दोघींत असली आई कोण, ते पहिले ठरवा. तोवर मी वरवंटा देत नाही."

आता मजा ऐका. मी तिच्या हातात होतो आणि मी जड आहे. चटणी वाटताना लोक माझ्या वजनाला नावे ठेवत, पण त्या दिवशी मी त्याचा कण न् कण वापरला. तिचे हात भरून आले. खाली ठेवावे तर रीत मोडते, आणि रीत मोडणाऱ्यातली ती नव्हे. तिने माईकडे पाहिले.

"वहिनी, धरा जरा."

माईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "वन्सं, पाटा वाटतो की वरवंटा वाटतो, हे पूछत बसले असते तर या घरात चटणी झाली नसती. चुकी माझी. मीच पोरीला सहेली म्हणायला लावलं. चिऊची आई समोर उभी आहे, तिला द्या."

अल्पना पुढे आली. तिने पाळण्याखालून हात पसरले. "द्या आत्या, मी आहे घ्यायला."

विनोदिनीबाईने ओठ आवळले. मग वाकली, मला पाळण्याखालून सरकवले आणि अगदी हळू म्हणाली, "कुणी गोविंद घ्या." अल्पनाने मला असे घट्ट धरले की दगड असूनही मला ते लागले. नंतर रुचीने आणि तिने चिऊची देवघेव केली. विनोदिनीबाई घुगऱ्या न खाताच खातेगावला परत गेली. जाऊ दे. नाव ठेवून झाले होते.

आज चिऊ शाळेत जाते आणि पाळण्यात तिच्याआधी गेलो म्हणून मला दादा म्हणते. अल्पनाने मला पाथरवटाकडून टाकी लावून, पुन्हा खडबडीत करून आणले, त्यामुळे मी पुन्हा चटणी वाटतो.

मित्रांनो, मला सांभाळा म्हणून मी हात जोडणार नाही. एवढेच करा. चिऊसारख्या एखाद्या मुलीच्या घरी येऊन कुणी विचारले, "यांतली खरी आई कोणती?" तर वाद घालू नका. मला त्या विचारणाऱ्याच्या हातात द्या, आणि खाली ठेवू देऊ नका.