मंदाताईंची संशयी मॅट

मित्रांनो, मी व्यायामाची एक जुनी जांभळी मॅट आहे. डोंबिवलीत राहते. माझा स्वभाव थोडा संशयी आहे, पण तो जन्मापासूनचा नाही.

कारखान्यातून मी ठाण्याच्या एका दुकानात आले. तिथून मंदाकिनीताईंनी मला घरी आणलं. त्या तेव्हा कोर्टात नोकरीला होत्या. सकाळी मला खांद्याला अडकवून त्या मैत्रिणीबरोबर, म्हणजे वल्लरीताईंबरोबर, फिटनेस क्लासला जायच्या. आमची जागा पहिल्या रांगेत. "मंदाताईंची पाठ बघा, कशी सरळ आहे!" असं शिकवणाऱ्या बाई सगळ्यांना सांगायच्या. ते कौतुक मला माझंच वाटायचं.

एके सकाळी एका पायावर उभ्या असताना मंदाताईंचा तोल गेला. त्या माझ्यावर पडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण पडल्या शेजारच्या फरशीवर. मनगट मोडलं. त्या कळवळत होत्या आणि तेवढ्यात कुणीतरी हसलं. आवाज वल्लरीताईंचा होता. मी ऐकला, मंदाताईंनीही ऐकला.

मनगट जुळलं, क्लास मात्र सुटला. वल्लरीताईंचा फोन आला की मंदाताई मुलाला खूण करायच्या आणि सौमित्र सांगायचा, "आई झोपली आहे." हळूहळू फोन यायचा थांबला. माझी रवानगी कपाटामागे झाली. उन्हाळ्यात तेवढी गच्चीवर जायचे, कुरडयांच्या प्लास्टिकखाली अंथरायला. मित्रांनो, तिथे पडल्या पडल्या मी कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं.

यंदा डॉक्टरांनी मंदाताईंना सांगितलं, "हाडं ठिसूळ होत चालली आहेत. व्यायाम सुरू करा, पण एकटीने नको." दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. मला वाटलं, भंगारवाला आलेला दिसतोय. पण आम्ही निघालो त्याच जुन्या हॉलकडे.

शिकवणारी करिश्मा नवीन होती. "काकू, तुम्ही मागे या ना, भिंतीपाशी," ती गोड हसून म्हणाली.

"मी पडलेले ते हिला कुणी सांगितलं?" मंदाताई पुटपुटल्या. दारापाशी दोन मुली कुजबुजत होत्या. ते आमच्याबद्दलच असणार, याची मला खात्री होती. आम्ही भिंतीपाशी जागा घेतली, इतक्यात शेजारी एक हिरवी मॅट उलगडली. वल्लरीताई! मंदाताईंनी माझी कड मुठीत आवळली.

करिश्माने गाणं लावलं आणि क्लास सुरू झाला. एका पायावर उभं राहायची वेळ आली. मंदाताई एका बाजूला झुकल्या. शेजारून एक हात पुढे आला.

"हात घे बाजूला," मंदाताई म्हणाल्या. "परत हसायचंय का तुला?"

नेमकं तेव्हाच गाणं संपलं होतं. सगळा हॉल वळून बघू लागला.

वल्लरीताईंचा चेहरा पडला. "हसले होते गं मी. घाबरले की मला हसूच फुटतं. आमच्या ह्यांना ऑपरेशनला आत नेलं, तेव्हाही मी दवाखान्यात हसत सुटले. सासूबाई अजून धड बोलत नाहीत माझ्याशी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कशी सांगणार? तू झोपलेली असायचीस ना. भर दुपारी, संध्याकाळी, कधीही."

मंदाताई जरा वरमल्या. "आणि भिंतीपाशी उभं करायचं, तेही तूच सांगितलंस?"

"मीच. सौमित्र भेटलेला काल, तू येणार म्हणाला. म्हटलं, टेकायला काहीतरी असू दे."

म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं हा आमचा संशय खरा होता, फक्त त्यामागचं कारण आम्ही चुकीचं धरलं होतं.

मंदाताईंचा लगेच विश्वास बसला असं नाही. माझाही बसला नाही. गाणं पुन्हा सुरू झालं आणि त्यांनी पाय उचलला. भिंत धरली नाही. वल्लरीताईंचा हातही धरला नाही, नुसती करंगळी धरली. पाय खाली टेकेपर्यंत मात्र ती सोडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी मॅट पडून असेल तर तिला उलगडा, पुसा, सावलीत वाळवा. आणि मनात एखादा जुना प्रश्न दडवून ठेवला असेल तर तोही एकदा विचारून टाका. उत्तर गोडच येईल, असं मी म्हणणार नाही. माझा तेवढा विश्वास नाही कुणावर. पण तुम्ही विचारलंच नाहीत, तर समोरच्याने सांगायचं तरी कुणाला?