वीस सेकंद जगदीश सरांकडे

जगदीश सरांनी मालनला सगळ्यांसमोर उभं केलं, तेव्हा बकुळा तिच्या शेजारच्याच खुर्चीत होती.

परळमधल्या बंद पडलेल्या एका मिलच्या आवारात कॉम्प्युटरचं ऑफिस निघालं होतं. परदेशातल्या इस्पितळांचे हाताने लिहिलेले कागद स्क्रीनच्या अर्ध्या भागात दिसत, ते मुलींनी उरलेल्या अर्ध्या भागात टाइप करायचे. बकुळा आणि मालन भोईवाड्यातल्या एकाच चाळीतल्या. संपाआधी दोघींचे वडील याच मिलमध्ये सूतखात्यात होते.

जगदीश सर सुपरवायझर. हॉलच्या टोकाला त्यांची काचेची केबिन. मुलींचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी खिडक्यांवर काळा कागद चिकटवून घेतला होता. कुणाची मान वळली की माइकवरून तिचं नाव पुकारायचे. एसीचा झोत थेट तोंडावर यायचा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

मालनला आधी दोन-दोन अक्षरं दिसायला लागली. मग चुका वाढल्या. एक दिवस जगदीश सर बाहेर आले, एक कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, "वाच."

मालनने डोळे बारीक केले. पाणी यायला लागलं.

"मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

"सर, डोळे दुखतात. दिसत नाय नीट."

"मग आंधळ्यांच्या शाळेत जा. इथे कशाला आलीस?"

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या, भीतीपोटी. त्याच दिवशी मालनची नोकरी गेली.

बकुळा तिला म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "डोळे गेलेले नाहीत, घाबरू नका. नंबर लागलाय, आणि पापण्या मिटायच्या राहून डोळे कोरडे पडलेत. चष्मा घ्या, हे थेंब घाला. आणि स्क्रीनवर बसणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी बघायचं. वीसेक फुटांवर. आणि सोबत आलेली तू पण. तुझेही लाल दिसतायत."

चष्मा लागल्यावर मालनला दिसायला लागलं. पण ती घराबाहेर पडेना. नळावरसुद्धा कुणी नसेल तेव्हा जायची. तिला तसं चोरासारखं जाताना पाहिलं की बकुळा संतापायची.

"काम बंद पाडते त्याचं," ती वडिलांना म्हणाली.

कोंडीराम, तिचा बाप, भिंतीला टेकून बसला होता. "संपात आमी तेच केलं. मालकाला मिल बंदच पायजे होती. तुमी मशीन थांबवलं तर तो दुसऱ्या पोरी आणंल. काम चालू ठेवून काय करता येतंय ते बघ."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बकुळाने मुलींना डॉक्टरीणबाईंचं सांगणं सांगितलं.

"लांब बघायचं कुठे? खिडक्या तर बंद," एकीने विचारलं.

दमयंती मच्छीमार नगरातली, तोंडाने तिखट. तिने काचेच्या केबिनकडे हनुवटी केली. "तो बसलाय ना वीस फुटांवर. माझी आय बाजारात गिऱ्हाइकाकडं नुसती बघते, तर तो भाव करायचा विसरतो."

बकुळा हसली नाही. "तसंच करायचं," ती म्हणाली. "बोलायचं नाही, हसायचं नाही. नुसतं बघायचं. मालनला त्याने जिथे उभं केलं ना, तिथे आता तो."

दुपारी भिंतीवरच्या घड्याळाच्या अंदाजाने साऱ्या हॉलने माना वर केल्या आणि जगदीश सरांकडे पाहिलं. मग पापण्या मिटल्या, उघडल्या आणि काम पुन्हा सुरू. पहिल्यांदा सरांनी मागे वळून भिंत बघितली. दुसऱ्यांदा शर्टाची बटणं चाचपली. तिसऱ्यांदा माइकवरून ओरडले, "काय चाललंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, सर," बकुळा जागेवरूनच म्हणाली. "लांबचं बघायला."

काम कमी झालं असतं तर त्यांना काही करता आलं असतं. पण चुका घटल्या होत्या. वरच्या साहेबांनी फोन करून त्यांचं कौतुकही केलं. ते डबा खाताना मुली बघत, फोनवर बायकोशी बोलताना बघत. त्यांनी पडदा लावला, तर केबिनमधून हॉल दिसेना म्हणून वरून विचारणा झाली आणि पडदा काढावा लागला. हळूहळू ते वीस मिनिटं व्हायच्या आधीच घड्याळाकडे बघायला लागले. ते बघताना बकुळाला जे सुख व्हायचं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस ते तिच्या टेबलाशी आले. आवाज खाली होता. "तुला काय हवंय?"

"खिडक्यांवरचा कागद काढा. तुम्ही स्वतः."

ते खुर्चीवर चढले आणि नखांनी काळा कागद ओरबाडू लागले. सारा हॉल काम थांबवून बघत होता. हात काळे झाले, घामाने शर्ट पाठीला चिकटला. बाहेर कौलांवर उगवलेला पिंपळ दिसला. त्या दिवसापासून मुली पिंपळाकडे बघायला लागल्या.

संध्याकाळी बकुळाने हे सगळं मालनला सांगितलं. मालन तांदूळ निवडत होती.

"माझं नाव घेतलं त्यानं?"

"नाही."

"मग माझं काय झालं त्यात?"

दुसऱ्या दिवसापासून दर वीस मिनिटांनी सगळ्या पिंपळाकडे बघत आणि बकुळा एकटी जगदीश सरांकडे. त्यांनी विचारलं तेव्हा तिने फक्त मालनच्या खोलीचा पत्ता सांगितला. त्यांनी आठवडाभर दम धरला. मग एका रविवारी ते भोईवाड्यात आले.

मालन दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. गॅलरीत शेजारणी जमल्या.

"मालन, माझं चुकलं," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"वर बघून बोला."

मान वर करून ते तेच पुन्हा म्हणाले. मालनने चष्म्यातून त्यांच्याकडे नीट, पुरेसा वेळ पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती भर गर्दीत नळावर आली. ऑफिसात मात्र परत गेली नाही. पुढे माटुंग्याच्या एका शाळेत कामाला लागली.

जगदीश सरांनी दिवाळीच्या आत बदली मागून घेतली. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी एसीचा झोतही वर करून दिला. सगळ्यांना बरं वाटलं. बकुळा मात्र कितीतरी दिवस मधूनच त्या काचेच्या केबिनकडे बघायची. तिला वाटलं होतं, तो हरला की आपलं मन निवेल. ते निवलं नव्हतं. तो आणखी थोडे दिवस तिथे बसायला हवा होता.