नऊ वर्षांची मोठी

दुपारी चष्म्याच्या दुकानात फारशी वर्दळ नसते. त्या दिवशी एकच गिऱ्हाईक होतं, एक निवृत्त मास्तर. त्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती आणि चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. दुकान चालवणाऱ्या बाईने बारीक स्क्रू आवळला, काचा पुसल्या, चष्मा त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि म्हणाली, "आता मान हलवून बघा."

मास्तरांनी जोरात मान हलवली. "बायकोला हो म्हणताना पडायचा नाही ना?"

"हो म्हणताना नाही पडणार. नाही म्हणालात तर मी हमी देत नाही."

मास्तर हसत होते तोच फोन वाजला. धाकट्या भावाचा होता. तो, त्याची बायको आणि दोन मुलं सुट्टीसाठी समुद्रकाठी गेले होते. दोन दिवस फोटोंचा नुसता पाऊस पडत होता. कुठला तरी फोटो बघितलास का म्हणून विचारत असेल, असं समजून तिने फोन उचलला.

"ताई," भाऊ रडत होता. "मोठीने ढब्बूला भाजलं गं."

"भाजलं? म्हणजे काय?"

"उकळतं पाणी सांडलंय त्याच्या अंगावर. आम्ही हॉस्पिटलात आहोत. बजावून सांगितलं होतं तिला, कशाला हात लावू नकोस म्हणून. पण ऐकेल तर शपथ!"

"आणि तुम्ही दोघं कुठे होतात?"



"तू ये आधी," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

मुलांची ती आत्या. आपणही तिला आत्याच म्हणू. ती दुकानाला कुलूप लावून निघाली ती थेट त्या समुद्रकाठच्या गावी पोचली. वाटभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मोठी नऊ वर्षांची आहे. भाऊ झाल्यापासून तिचं नाव मागे पडलं आणि घरीदारी सगळे तिला मोठीच म्हणू लागले, म्हणून काय ती मोठी झाली?

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात भाऊ येरझाऱ्या घालत होता. भावजय भिंतीला टेकून बसली होती. तिच्या खांद्यांवर उन्हाने रापल्याचे लाल पट्टे होते आणि पायांना अजून वाळू चिकटलेली होती. मोठी त्या दोघांपासून लांब, शेवटच्या बाकावर एकटीच बसली होती. तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. पोरीचा उजवा तळहात लाल झाला होता आणि त्यावर फोड आला होता.

"हिच्या हाताला औषध लावलं का?" आत्याने विचारलं.

भावाने वळून पाहिलं. "तिलाही लागलंय?"

आत्याला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने मोठीला उचललं आणि नर्सच्या खोलीत नेलं.

काय घडलं ते हळूहळू कळत गेलं. थोडं भावजयीकडून, थोडं महिला पोलिसाकडून, आणि उरलेलं मोठीकडून. पलीकडच्या बेटावर बोट जात होती. ढब्बू तीन वर्षांचा. आदल्या दिवशी बोटीत त्याला उलट्या झाल्या होत्या. मग दोघांनी ठरवलं, मुलांना भाड्याच्या घरातच ठेवू आणि जेवायच्या आधी परत येऊ. मुलं पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप घातलं. बिस्किटांचा पुडा, टीव्ही आणि "तू मोठी आहेस ना, भावाकडे बघ" एवढं मोठीच्या हाती देऊन ते गेले. बेटावर ओहोटी लागली, बोट गाळात रुतली आणि जेवायची वेळ कधीच टळून गेली. फोनला रेंज नव्हती. बिस्किटं संपली. ढब्बू भुकेने रडायला लागला. तेव्हा मोठीने आईला बघितलं होतं तसं विजेच्या किटलीत पाणी तापवलं, त्याला पावडरीचं दूध करून द्यायला. तो तिच्या पायांशीच घोटाळत होता. त्याने वायर ओढली.

"मग दार उघडेना," मोठी म्हणाली. "मी खिडकीतून ओरडले. मग मी नळाचं पाणी त्याच्यावर ओतत राहिले. खूप वेळ ओतलं. एका काकांनी कुलूप फोडलं."

डॉक्टर म्हणाले, नळाचं पाणी ओतलं ते फार बरं केलं. ढब्बू वाचेल, पण खांद्यावर आणि छातीवर व्रण राहतील, एखादं ऑपरेशनही लागेल. पोलिसांना कळवणं आपल्याला भागच आहे, असंही त्यांनी सांगितलं.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सांभाळायची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच लहान मुलांना धोक्यात एकटं सोडलं. बालकल्याण अधिकारी आल्या, मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. खटला संपेपर्यंत मुलं आई-बाबांच्या घरी राहणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा भावाचा आवाज चढला.

"माझी मुलं आहेत! तुम्ही कोण सांगणार?"

"तुमचीच आहेत," अधिकारी म्हणाल्या. "म्हणून तर गुन्हा तुमच्यावर आहे."

मुलं आत्याकडे आली. ढब्बू हॉस्पिटलमधून सुटला आणि पट्ट्यांसकट घरभर हिंडायला लागला. लहान मुलं दुखणं विसरतात तशी दुसरी कुठली गोष्ट विसरत नाहीत. काळजी वाटायची ती मोठीची. ती ढब्बूच्या एक हात अंतरावरून हलायची नाही. जेवताना आधी त्याचा घास फुंकायची. आत्या चहा टाकायला उठली की त्याला कवेत घेऊन दुसऱ्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. शेजारच्या मुली खेळायला बोलवायला आल्या तेव्हा म्हणाली, "मला नाही येता येणार, मला काम आहे."

याच सुमारास आजी राहायला आली. आजी म्हणजे आत्याची आणि भावाची आई. आल्या आल्या तिने पिशवी ठेवली आणि मोठीला समोर उभं केलं.

"काय गं, डोळे कुठे होते तुझे? आईबापाला कोर्टाची पायरी चढायला लावलीस."

"आई, तिला काही बोलू नकोस," आत्या म्हणाली.

"का नको बोलू? तू नाही सांभाळलंस हिच्या बापाला? हिच्याएवढीच तर होतीस. मी कारखान्यात शिवणाला जायचे, तू दिवसभर त्याला कडेवर घेऊन असायचीस. कधी काही झालं?"

आत्याच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. "झालं होतं. टाकीत पडला होता तो. मी केस धरून ओढून बाहेर काढला. संध्याकाळी तू मला मारलंस. काय काय विसरलीस गं आई?"

"वाचला ना शेवटी!"

"हो, वाचला. माझी दोन वर्षं शाळा बुडली, त्याचं काय?"

"जगात काय तू एकटीच मोठी बहीण आहेस?" आजी खरंच बुचकळ्यात पडली होती. "मुलीची जात. आज ना उद्या करायचंच असतं."

बोलून काय उपयोग होता? आई दुष्ट नव्हती. तिलाही तिच्या आईने असंच लहानपणी कामाला जुंपलं होतं. पिढ्यान् पिढ्या या घरात एकेक मुलगी आपलं बालपण भावाच्या लंगोटांसोबत वाळत घालत आली होती आणि त्याला सगळे संस्कार म्हणत होते. पोळी करपली. आत्याने ती कचऱ्यात टाकली आणि दुसरी लाटायला घेतली.

खटला जवळ आला तसा भाऊ तिला वकिलाकडे घेऊन गेला. वकिलाचं ऑफिस थंडगार होतं. टेबलावर काचेखाली त्याच्या मुलांचे फोटो होते.

"तुमची साक्ष फार महत्त्वाची आहे," वकील म्हणाला. "दोनच मुद्दे. एक, मुलगी वयाच्या मानाने समंजस आहे, घरात नेहमीच भावाला सांभाळते, आणि तिला किटलीला हात लावायला स्पष्ट मनाई केली होती. दोन, त्या दिवशी तुम्ही मुलांशी अधूनमधून फोनवर बोलत होतात. म्हणजे मुलं अगदीच वाऱ्यावर नव्हती."

"मी बोललेच नाही. त्या घरात मुलांजवळ फोनही नव्हता."

"ते मी बघतो."

"आणि मुलीने ऐकलं नाही, म्हणून झालं, असं मी म्हणायचं?"

भाऊ कळवळून म्हणाला, "ताई, मोठीला कोर्ट काही करणार नाही गं. लहान आहे ती! शिक्षा आम्हाला होईल. माझी नोकरी जाईल."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. याला तिने भरवलं होतं, याचं नाक पुसलं होतं, याच्यासाठी मार खाल्ला होता.

"काय म्हणालास? लहान आहे ती?"

"म्हणजे... कायद्याच्या दृष्टीने."

"शिक्षेच्या वेळी ती लहान, आणि कुलूप लावताना मोठी?"

भावाने मान फिरवली. वकिलाने पेन बंद केलं.

"बाई, विचार करा. घरातली गोष्ट आहे. कोर्टात खरं बोलून तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही," ती उठली. "पण ती मुलगी आणखी वीस वर्षांनी विचारेल, तेव्हा मला तिच्या तोंडाकडे बघता आलं पाहिजे."

कोर्टात सरकारी वकिलाने बोलावलं तेव्हा आत्याने जे होतं ते सांगितलं. मध्येच तिला पाणी मागावं लागलं. भावाच्या वकिलाने तिला आडवंतिडवं विचारलं. तुम्हाला स्वतःचं मूल नाही, हे खरं ना? तुम्हाला भावाच्या संसाराचा हेवा वाटतो का? ती म्हणाली, "मी दहा वर्षांची असताना एक मूल वाढवलंय. ते तिथे समोर बसलंय." कोर्टात कुणीतरी हसलं. तिला रडू आलं.

न्यायाधीशांनी दोघांना दोषी ठरवलं. तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, पण ती स्थगित ठेवली. पुन्हा असं काही घडलं तर भोगावी लागेल. दंड झाला. दर आठवड्याला समुपदेशन, अधिकाऱ्यांची देखरेख, आणि त्यांचा अहवाल समाधानकारक येईपर्यंत मुलं आत्याकडे. न्यायाधीश म्हणाले, "नऊ वर्षांचं मूल कुणाचं पालक होऊ शकत नाही. त्यालाच पालक हवे असतात. त्या दिवशी त्या घरात दोन मुलं एकटी होती, एक नव्हे." भावजय ओंजळीत तोंड लपवून रडली. भाऊ ताठ बसून राहिला. बाहेर पडताना तो आत्याच्या अगदी जवळून गेला आणि म्हणाला, "आता समाधान झालं?"

समाधान कसलं? महिनाभर नातेवाइकांचे फोन येत राहिले. सख्ख्या भावाला गोत्यात आणलंस. आजकाल काय मुलांना एकटंही ठेवायचं नाही? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग कुणीतरी हळूच विचारायचं, बाकी पोरगी तशी वांडच आहे का? आत्या दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायची. दर वेळी पलीकडचं माणूस म्हणायचं, "ते सगळं खरं गं, पण..." त्या "पण"वर तिचं डोकं आपटून आपटून थकलं होतं.

एका रविवारी आत्याच्या घरी आई-बाबांची पहिली भेट ठरली. अधिकारी बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. भावजयीने ढब्बूला छातीशी धरलं, मग त्याला दुखेल म्हणून घाईने सोडलं. भाऊ खेळण्यातली मोठी मोटार घेऊन आला होता. मोठीसाठी त्याने काही आणलं नव्हतं. लक्षात आलं नसावं.

मोठी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने केस नीट विंचरले होते. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं असावं, कारण ती एका दमात म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मी पुन्हा किटलीला हात लावणार नाही. आता आम्हाला घरी न्या."

आत्या भावाकडे बघत होती. बोल, ती मनात म्हणत होती. एक वाक्य बोल. तुझ्याकडे आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही, एवढं एकच बोल.

भावाचे डोळे भरून आले. त्याने मोठीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे, बाळा. मी माफ केलं तुला."

आत्याला वाटलं, कोर्ट, निकाल, दंड, सगळं पाण्यात गेलं. ती पुढे झाली. तिने त्याचा हात मोठीच्या डोक्यावरून उचलून बाजूला केला.

"माफी तिने मागायची नाही," ती म्हणाली. "तू मागायची. तिच्याकडे."

"ताई, आता मी मुलीच्या पाया पडू?"

"पाया पडू नकोस. फक्त सांग, कुणाचं चुकलं ते."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. तेवढ्यात भावजय जमिनीवर खाली बसली, मोठीच्या उंचीला आली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुला कोंडून मी फिरायला गेले. तू लहान आहेस. तुझं काही चुकलं नाही."

मोठीला हे नीटसं कळलं नाही. ती आईकडे बघत होती, जणू आई काहीतरी विसरली आहे आणि आता तिला आठवण करून द्यावी लागणार आहे. मग तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं, हे खरं आहे का, असं विचारल्यासारखं.

बाबा खिडकीबाहेरच बघत होते. भेटीची वेळ संपली आणि भाऊ चपला घालायला लागला.

आत्या दारात त्याच्यासमोर उभी राहिली. "पुढच्या रविवारी येशील तेव्हा मी हेच विचारणार आहे," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या रविवारीही. तू सांगेपर्यंत."

तो तिच्या बाजूने निघून गेला. आत्या परत आत आली तेव्हा मोठी ढब्बूची मोटार त्याच्या हातात देत होती आणि त्याला काही लागेल म्हणून मोटारीचे कोपरे बोटाने चाचपून बघत होती. आत्याने मोटार तिच्या हातून घेतली.

"मी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली. "तू जरा नुसती बस."

मोठी बसली. नुसतं कसं बसायचं, ते मात्र तिला येत नव्हतं.