चाखणारी

"सांग," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी रश्शाने भरलेला डाव माझ्या तोंडासमोर धरला.

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. मी मान पुढे काढली, डावाच्या कडेला ओठ लावले, जीभ पोळून घेतली आणि म्हणाले, "कमी."

"किती?"

"मोठा चमचा. सपाट."

त्यांनी सपाट चमचाभर मीठ टाकलं, ढवळलं आणि डाव परत माझ्यापुढे केला. "बरोबर," मी म्हणाले. मग वस्तादांनी तळहातावर रश्शाचे दोन थेंब घेतले, डोळे मिटून चाटले, मान डोलावली आणि बाहेरच्या वाढप्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जमला. घेऊन जा रे." हे नाटक मी दोन वर्षं पाहिलं. रोज दोनदा, सुट्ट्यांच्या दिवसांत तीनदा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला होता. तो उतरला, पण उतरताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी नासलेलं दूध सुपाच्या पातेल्यात ओतलं. मी मोरीपाशी उभी, मला तिथवर वास आला. "अहो, वास नाही आला तुम्हाला?" असं मी म्हटलं, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले की पुढे काही विचारायची गरज उरली नाही. त्यांनी सूप मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून डाव माझ्या तोंडाशी यायला लागला.

मी कुणाला बोलले नाही. त्यात उपकाराचा भाग फारसा नव्हता. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. उष्टी ताटं उपसण्यात माझी नऊ वर्षं गेली होती, आणि आता अख्ख्या हॉटेलचं जेवण माझ्या जिभेवर अडलं होतं.

आमचं गाव म्हणजे जंगलाचं फाटक आणि त्या फाटकाला लागून एक लांब रस्ता. फाटक पहाटे उघडतं आणि दुपारी दोनला पुन्हा उघडतं. मधल्या वेळात माणसं मातकट रंगाचे नवे कपडे घालून, गळ्यात दुर्बिणी अडकवून रस्त्यावर हिंडतात आणि दिसेल त्याला विचारतात, जेवायला चांगलं कुठे मिळेल? रस्त्यावर तीसेक हॉटेलं आहेत आणि झाडून सगळ्यांच्या पाटीवर अस्वल आहे. गाडीवाले मात्र आमच्याकडेच बोट दाखवायचे. वस्तादांकडे जा, म्हणायचे. हॉटेलचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

वस्तादांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या गल्लीत एक खोली, एक खाट आणि इथे ही चूल, एवढाच त्यांचा संसार. चव गेल्याचं मालकांना कळलं असतं तर चूल त्याच दिवशी सुटली असती. हे ते जाणून होते आणि मीही जाणून होते. म्हणून रोज "बरोबर" म्हणताना मला वाटायचं, एखादा दिवस हा माणूस माझ्याशी दोन शब्द नीट बोलेल.

नीट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ताटाला बोट लावून "हे काय घासलंस?" असं म्हणून ते परत माझ्या पाण्यात टाकायचे, तेही वाढपी बघत असताना. ज्याच्या हातात आपलं गुपित असतं त्याला माणूस जपतो, असं मला वाटायचं. वस्ताद अशा माणसाला सारखं त्याच्या जागेवर बसवत राहायचे.

मग माझ्या विहीणबाई आल्या.

मुलीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सासू, सासरे, जावई आणि मुलगी, चौघं जंगल बघायला आले आणि अर्थातच आमच्याकडे जेवायला बसले. लग्नात मी विहीणबाईंना सांगितलं होतं, मी मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात असते. खोटं नव्हतं. मोरी स्वयंपाकघरातच आहे.

मी हात पुसून, पदर सारखा करून बाहेर आले. विहीणबाईंनी रश्शाचा घास घेतला आणि खूश होऊन म्हणाल्या, "वा. यात तुमच्या हातचं काय आहे हो, विहीणबाई?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. वस्ताद दारात उभे होते. गिऱ्हाइकांनी वाहवा केली की ते हटकून बाहेर यायचे.

"हिच्या हातचं?" ते म्हणाले. "ताटं. ताटं हिच्या हातची आहेत. स्वच्छ आहेत ना?"

विहीणबाई खो खो हसल्या. व्याही हसले. जावई आधी जरा गांगरला, मग तोही हसला. शेजारच्या टेबलावरचे लोकसुद्धा हसले. माझी मुलगी ताटातल्या भाताकडे बघत राहिली. त्या रश्शातलं दीड चमचा मीठ माझ्या सांगण्यावरून पडलं होतं. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी "स्वच्छ आहेत," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर आठ दिवस माझ्या कानात ते हसणं होतं. भांडी घासताना, घरी कपडे वाळत घालताना, नवऱ्याला वाढताना.

नवव्या दिवशी सुट्ट्या लागल्या. सकाळीच निरोप आला, पहाटे जंगलात गेलेली चाळीस माणसांची बस येतेय, बाराला जेवायला बसतील, दोनच्या आत पुन्हा फाटकावर पोचायचंय. वस्तादांनी मोठं पातेलं चढवलं. कांदा परतला, बटाटे पडले, पाणी पडलं. इतक्यात मालकांनी टेबलं कशी लावायची ते ठरवायला त्यांना बाहेर बोलावलं. ते गेले तेव्हा मीठ पडलं नव्हतं. परत आले तेव्हा त्यांनी मिठाच्या डब्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना आठवत नाहीये.

डाव माझ्यापुढे आला. "सांग."

मी चाखलं. मिठाचा कणही नव्हता. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं तोंडात धरावं तसं लागलं.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी डाव ठेवला. तळहातावर थेंब घेतले, पण चाटले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी चुकलं माझं. तुझ्या पाहुण्यांसमोर. चार माणसं हसायला लागली की मला भान राहत नाही."

अकरा वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता. पातेलं अजून चुलीवरच होतं. वाढपी यायचे होते. "थांबा, परत बघू द्या," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "असू द्या हो, त्यात काय," आणि पाण्यात हात घातले. हे मी रागाच्या भरात केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. राग तर त्यांच्या त्या दोन वाक्यांनीच उतरला होता. तरी मी गप्प बसले.

चाळीस ताटं बाहेर गेली. मी मोरीपाशी कान लावून उभी. आता कुणीतरी ओरडेल, आता मालक आत येतील. बाहेर नुसता गलका. अस्वल दिसलं का, कुठे दिसलं, मला शेपूट दिसली, अस्वलाला शेपूट असते का. मी दार किलकिलं करून पाहिलं. एका बाईनं घास घेतला, बोलता बोलता हात लांब करून मिठाची बाटली उचलली, रश्शावर झटकली आणि शेजारणीला दिली. शेजारणीनं झटकली आणि पुढे दिली. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. एकानं ताटाचा फोटो काढला. दीडला बस गेली. ताटं माझ्याकडे आली ती चाटूनपुसून स्वच्छ.

तीनला मालक जेवायला बसतात, आतच, आमच्याबरोबर. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मिठाची बाटली मागितली. वाढपी म्हणाला, "सगळ्या रिकाम्या झाल्यात."

"वस्ताद," मालक म्हणाले, "आज मीठ घालायला विसरलात?"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

"तुम्ही चाखलं नव्हतं?" मालकांनी विचारलं.

वस्ताद म्हणाले, "मला चव लागत नाही, मालक. तापापासून. वासही येत नाही. दोन वर्षं झाली." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही चाखायची. दोन वर्षं जे काही चांगलं झालं ते हिच्या जिभेवर झालं."

हे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते, आणि ऐकलं ते असं.

मालक माझ्याकडे वळले. "तू चाखायचीस? मग आज काय झालं?"

"आज मला विचारलं नाही त्यांनी," मी म्हणाले.

वाढप्यांनी जेवायचं थांबवलं. वस्ताद माझ्याकडे बघत होते. ते खरं बोलले असते तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "घाईत राहून गेलं."

आता मालक चिडतील असं मला वाटलं होतं. ते हसायला लागले. "चाळीस माणसं," ते म्हणाले. "एकानं तोंड उघडलं नाही. आणि मी वेडा इतकी वर्षं समजत होतो, लोक चवीसाठी येतात. आपल्याकडे दुसऱ्यांदा जेवायला आलेला माणूस कुणी पाहिलाय का? आज अस्वल बघितलं की उद्या घरी." ते बोलत होते तसतसे त्यांचे डोळे चमकत होते. मग ते वस्तादांना म्हणाले, "अरे, मग तू चुलीपाशी करतोस काय?"

मालक वस्तादांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांच्या वडलांपासून या घरात वस्तादांना सगळे अहोजाहो करत आलेले. तो 'अरे' कानावर पडला तेव्हा वस्तादांच्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून चूल माझ्याकडे आली. मोरीला नवी बाई आली. मालकांनी तयार मसाल्याची पाकिटं आणून फळीवर रचली आणि मला म्हणाले, "पाकिटावर लिहिलंय तेवढं टाकायचं, मीठही त्यातच आहे. चाखत बसू नकोस, वेळ जातो." वस्तादांसाठी त्यांनी पांढरा कोट आणि हातभर उंच टोपी शिवून घेतली आणि दारात उभं केलं. गाडी थांबली की पुढे व्हायचं, वाकायचं आणि म्हणायचं, "या. चव मी स्वतः बघतो." हे वाक्य मालकांनी त्यांच्याकडून चार वेळा घोकून घेतलं. वाढपी बघत होते. कुणी हसलं नाही, यात काय ते समजा.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, आता मी चुलीवर असते, सासूबाईंना सांग. ती म्हणाली, "बरं झालं, आई. पण त्यांना काय सांगू? ते ताटांचं वगैरे त्यांच्या लक्षातही नाही."

चुलीसमोर एक खिडकी आहे, ती दाराशेजारी रस्त्यावर उघडते. वस्तादांची पाठ मला दिवसभर दिसते. पहिला महिनाभर ते शिकवल्याप्रमाणे वाकले आणि बोलले. माणसं टोपी बघून खूश व्हायची, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. माझ्याशी ते बोलत नाहीत असं नाही. येताना "आलो", जाताना "जातो" म्हणतात. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

परवा दुपारी एक म्हातारी काठी टेकत आली. बरोबर तिचा लेक असावा, तो गाडी लावत होता. ती वस्तादांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजारातून उठलेय हो. आठ दिवसांनी तोंडाला जरा रुची आलीय. खरं सांगा, इथे चांगलं मिळेल ना?"

वस्ताद वाकले. मी पाकीट फोडता फोडता ते वाक्य ऐकायला थांबले. ते आलं नाही. वाकूनच वस्ताद हळू म्हणाले, "इथे नको, आजी. पुढे रस्ता वळतो तिथे एक लहान खानावळ आहे, चार टेबलांची. तिथे जा."

"का? इथे काय झालं?"

"इथे चाखून बघणारं कुणी राहिलं नाही."

खिडकी उघडी आहे हे त्यांना माहीत होतं. म्हातारीनं त्यांच्या हातावर हात ठेवला, लेकाला हाक मारली आणि काठी टेकत पुढे गेली.

मालक गल्ल्यावरच होते. सांगायचं असतं तर मला चार पावलं चालायची होती. मी गेले नाही. मी डाव पातेल्यात बुडवला, तोंडापर्यंत आणला, आणि त्यांची पाठ समोर असताना मला तो ओठांना लावता येईना. बाहेर दुसरी गाडी थांबली. वस्तादांनी दोन्ही हातांनी टोपी सारखी केली आणि ते पुढे झाले.