हिरवी टोपी

भूपेंद्र सरांनी टोपीत चिठ्ठ्या टाकून उचलायला लावल्या, म्हणजे दोष कुणाच्याच माथी नको. अर्धे मुकादम, अर्धे मजूर. मुकादमांना केळीच्या खतवाल्यानं फुकट वाटलेल्या हिरव्या टोप्या. मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं ते. हातात सत्ता आली की माणूस कसा वागतो, ते बघायचं. आणि काम काय, तर तळमजल्यावरची मोडकी बाकं गच्चीवर न्यायची, बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात! एरवी कॉलेजला हमाल लावावे लागले असते, ते फुकटात भागलं. ह्याला शास्त्र म्हणायचं.

सरांचा नियम एकच. मजुरानं माठाला हात लावायचा नाही, पाणी मुकादमाकडे मागायचं. बाकीचं सगळं पोरांनी आपल्याच डोक्यानं केलं.

रंजिताला टोपी आली, लीलाला बाकं. लोधीपुऱ्यातल्या मास्तरांची रंजिता आणि जसोंडी गावची लीला, पहिल्या वर्षापासून एका डब्यात जेवणाऱ्या.

“मॅडम, गरिबाला सांभाळून घ्या हां,” लीला म्हणाली.

“कामचोर कुठली! चल, उचल,” रंजितानं डोळे वटारले. दोघी पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्या मयूरनं मजुरांची नावंच टाकून दिली. “ए सुकडे”, “ए बैला” सुरू झालं. रंजिता त्यावर हसली, आणि टोपीवाल्यांनी तिला आपल्यात ओढून घेतलं. कायम मागच्या बाकावर बसलेल्या पोरीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला.

दुपारी लीला जिना उतरून आली. ओठ सुकलेले. “रंजू, पाणी दे गं.”

“रंजू कोण?” मयूर ओरडला. “मुकादम बोल! अरे यार, रूल है ना!”

“मुकादम, पाणी द्या.”

रंजितानं ग्लास भरला. सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांना आता काहीतरी नवं हवं होतं, आणि तिला ते सुचलं. कुठून सुचलं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. तापीच्या घाटावर बसून लीलानं एकदा सांगितलं होतं, की केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या तिच्या आजीला मालक वरून पाणी ओतायचे. आजी खाली बसायची, ओंजळ धरायची. भांड्याला बोट लागू द्यायचे नाहीत. सांगताना लीला रडली होती, आणि रंजितानं तिला पोटाशी धरलं होतं.

“खाली बस,” रंजिता म्हणाली. “ओंजळ धर.”

लीलानं तिच्याकडे पाहिलं. मग बसली. तहान लागली होती. पाणी कोपरांवरून ओघळलं.

“क्या बात है!” टोप्यांनी टाळ्या पिटल्या. त्यानंतर प्रत्येक मजूर तसाच प्याला. सर दारात उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते. “एकदम नॅचरल चाललंय. थांबू नका.”

संध्याकाळी रंजितानं लीलाला रिक्षा स्टँडवर गाठलं. “लीले, गेम होता गं. सरांनीच तर सांगितलं होतं...”

“सरांना माझी आजी माहीत होती का?”

“उद्या रोल बदलणार आहेत,” रंजिता म्हणाली. “तू पण मला तसंच पाज. फिट्टंफाट.”

लीला रिक्षात बसली.

सकाळी रंजिता कुणी सांगायच्या आतच माठापुढे बसली आणि ओंजळ पुढे केली. एकदा ओतलं की संपलं, मैत्रीण परत मिळेल, एवढाच तिचा हिशोब होता. टोपी आता लीलाच्या डोक्यावर होती. तिनं त्या ओंजळीकडे पाहिलं. मग टोपी काढून माठाच्या झाकणावर ठेवली.

“आजीला वरून पाजणाऱ्यांतली मी नाही,” ती म्हणाली. “आणि तू पुन्हा माझ्या डब्याला हात लावू नको.”

ती चालू लागली.

“अगं, प्रयोग अर्धवट राहील!” सर ओरडले. तिनं मागे पाहिलं नाही.

टोपी माठावर पडून होती. आज मजूर झालेल्या मयूरनं ती उचलली. “सर, मी मुकादम होऊ?”

सरांनी मोबाईल सावरत मान डोलावली.

रंजिता अजून तशीच बसलेली, दाराकडे बघत. मयूरनं तांब्या काठोकाठ भरला.

“जरा झुक ना,” तो म्हणाला.

ती झुकली.