हुबेहूब बिल्ला

माझी सून खुशबू भंडाऱ्याच्या एका रक्तपेढीचं कॉम्प्युटरचं काम पाहते. आठवड्यातले तीन दिवस ती चिखल्याला आमच्या घरूनच काम करते. त्या शुक्रवारी दुपारचे दोन वाजले तरी तिच्या ताटातला भात तसाच होता.

"जेवत काहून नाही वो?" माझी बायको सुमन म्हणाली.

"आई, पाच वाजता भंडाऱ्याची मोठी मशीन बंद होते. तिची डिस्क मरून राहिली."

रक्त देणाऱ्या सगळ्यांची नावं त्या मशीनवर होती. तिथं काही लिहिलं की तुमसर आणि मोहाडीच्या मशीननं ते लगेच उतरवून घ्यायचं. साहेबांना पाचच्या आत दोन्ही नकला पूर्ण हव्या होत्या. पण मोहाडीची मशीन परवा आली आणि घोळ सुरू झाला.

"तुमसर जोडली का मोहाडी तुटते, मोहाडी जोडली का तुमसर. दोन दिवसांची नावं अर्धवट हायेत. लाइनच खराब असन."

"मोहाडीची मशीन कोनं बनवली?" मी विचारलं.

"मीच. तुमसरची हुबेहूब कॉपी मारली, मामाजी."

मला माझा बिल्ला आठवला. मी चिखल्याच्या खाणीत कामाला होतो तेव्हा खाली उतरताना प्रत्येकाचा नंबराचा पितळी बिल्ला जमा व्हायचा; बिल्ला जमा म्हणजे माणूस खाली. माझा हरवला, तर मी भंडाऱ्याच्या पितळीवाल्याकडून हुबेहूब दुसरा करून घेतला. मग जुना माझ्यासोबत काम करणाऱ्या इश्वरला सापडला, आणि त्यानं तो भोळेपणानं हाजरीबाबूकडे दिला. बाबूपुढं एकच नंबर दोनदा. त्यानं मला खाली सोडलंच नाही. "तू खाली हायेस का वर, मी कसं सांगू?"

"दोघींचा बिल्ला एकच तर नाही?" मी म्हणालो.

"नाही. तुमसर दोन नंबर, मोहाडी तीन. मी सोता टाकले."

"आन तो खालचा लांबलचक नंबर?" मी पडद्याकडं बोट केलं.

"तो मशीन आपोआप बनवते. छत्तीस अक्षरं हायेत मामाजी, कोन वाचते?"

मी पन्नाशीत वाचायला शिकलो, अजून बोट ठेवूनच वाचतो. इंग्रजी येत नाही, पण आकार जुळवता येतात. पडद्यावर दोन्ही मशीनचे लांब नंबर शेजारीशेजारी होते. एक बोट इकडं, एक तिकडं. शेवटच्या अक्षरापर्यंत फरक निघाला नाही.

खुशबूनं लॅपटॉप ओढला. "अगं माय! हे नंबराची फाइल कॉपीसंगं आली. मोठीले वाटते तेच मशीन परत आली, म्हनून आधीचीले हाकलते."

तिनं ती फाइल काढली आणि मोहाडीची मशीन पुन्हा चालू केली. मशीननं स्वतःचा नवा नंबर बनवला. मग दोन्ही जोडल्या. आम्ही तिघं पाहत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोणीच तुटलं नाही.

साडेचारला दोन्ही नकला मोठीच्या बरोबरीला आल्या. खुशबूनं फोन लावला, "सर, करा बंद आता." फोन ठेवून तिनं एवढा मोठा श्वास सोडला की सुमन हसली.

"खान सोडून बारा वर्षं झाली, पर बिल्ला काही मामाजीले सोडत नाही," ती म्हणाली आणि भात गरम करायला गेली.

जेवताना खुशबूनं एकदाच पडद्याकडं पाहिलं. मग आणखी वरण मागितलं.