मुकी मिरची

दीनानाथ सरांची अख्खी हयात मिरचीच्या मुळांची टोकं ठेचण्यात गेली. टोक रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची. दरवेळी चोवीस! चोवीसच भरतात तर पुन्हा पुन्हा कशाला मोजता, असं लेक तनयासुद्धा विचारायची.

पण धायरीच्या कोंडीरामची मिरची निराळी निघाली. दिसायला लालभडक, आणि चावली तरी जीभ पोळायची नाही. गावात तिला मुकी मिरची म्हणत. तिच्यातली गुणसूत्रांची एक जोडी सरांना भलतीच आखूड दिसली. खात्री करायची तर बी रुजवून नवी मुळं हवीत. सर धायरीला धावले, तर रानात इमारतीचे खांब उभे. कोंडीरामनं घरातून देठासकट सात वाळक्या मिरच्या आणून दिल्या.

"सर, एवढंच हाय. रानच गेलं, आता बी कुठनं यायचं?"

त्याच महिन्यात कॉलेजनं प्रयोगशाळा रिकामी करून तिथं कॉम्प्युटर मांडले. सरांना एक खोका मिळाला, आणि 'आता आराम करा' हा सल्ला फुकट. कर्वेनगरच्या घरात खात्रीची कोरडी जागा एकच, स्वयंपाकघरातलं फडताळ. तिथल्या रिकाम्या बरणीत त्यांनी सातही मिरच्या ठेवल्या. चिठ्ठी चिकटवायची राहिली. तनयाच्या अमेरिकेतल्या नोकरीची धांदल होती. ती गेली की कुंडी भरू, असं त्यांनी ठरवलं.

निघायच्या दुपारी श्यामलाबाईंनी लेकीची दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि हाताला लागल्या त्या सात मिरच्या ओवाळून गॅसवरच्या तव्यात टाकल्या. सरांना रिकामी बरणी दिसली तोवर कोळसा झाला होता. त्यांनी चमच्यानं राख ढवळली. एक बी धड नव्हतं.

"अहो, बघा," श्यामलाबाई म्हणाल्या, "कुणाला साधा ठसका नाही. केवढी दृष्ट लागली होती पोरीला!"

त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. सर काय बोलणार, कप्पाळ! बरणी ठेवणारे हे, चिठ्ठी विसरणारेही हेच. आणि लेक परदेशी निघालेल्या आईला, ती दृष्ट नव्हती, मिरचीच मुकी होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? सरांना ते जमेना.

तनया पाया पडून उठली आणि तिला त्यांचे डोळे दिसले.

"बाबा, वर्षभरात येतेय ना मी. रडताय काय?"

"ठसका लागला," सर म्हणाले.

श्यामलाबाईंनी चमकून तव्याकडे पाहिलं. खालून टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.